बैठे काम, वाढता घेर

सोलापुरात हजारो महिला घरी विड्या वळतात. मांडीवर सूप आणि दिवसभर एकाच जागी बैठक. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. तासभर फिरायला जायचे तर तेवढी कमाई बुडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील सुमारे ४० टक्के महिलांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के. पोटावरची चरबी मधुमेहाचा धोका वाढवते, वजन बेताचे असले तरीही.

म्हणून टेपने मोजा. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर. ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरल्यास साखर व रक्तदाब तपासून घ्या. आणि दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे चाला. जेवणानंतरची साखर त्यामुळे कमी चढते.