डेझी : दिवसाचा डोळा

शेवंतीचा बहर ओसरला आहे आणि मोगऱ्याला अजून अवकाश आहे, अशा दिवसांत अंगणांतील चार कुंड्यांची शोभा कशानें राखावी, हा प्रश्न बागेच्या हौशी माणसापुढें दरवर्षीं उभा राहतो. आज ज्या फुलाविषयीं मी बोलणार आहें, तें या प्रश्नाचें एक चांगलें उत्तर आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘बेलिस पेरेनिस’ म्हणतात. इंग्रजी नांव डेझी.

डेझी हा शब्द जुन्या इंग्रजींतील ‘दिवसाचा डोळा’ या शब्दांपासून झाला आहे. हें फूल सकाळीं उमलतें व सायंकाळीं पाकळ्या मिटून घेतें. परंतु ज्याला आपण एक फूल म्हणतों, तो वस्तुतः फुलांचा मेळावा असतो. मधल्या पिवळ्या चकतीचा प्रत्येक कण हें एक नळीच्या आकाराचें फूल, आणि भोंवतालची प्रत्येक पांढरी पाकळी हेंही एक स्वतंत्र फूलच. झेंडू, शेवंती, सूर्यफूल हीं सारीं याच कुळांतलीं.

युरोपांतील कुरणांत डेझी आपोआप वाढते. माळ्यांनीं तिच्यापासून ज्या दुहेरी जाती तयार केल्या, त्यांत मधल्या पिवळ्या फुलांची जागा रंगीत फुलांनीं घेतलेली असते. ‘पॉम्पोनेट’ ही त्यांतली प्रसिद्ध जात. झाड जेमतेम वीतभर. त्यावर दीड इंचाचे पांढरे, गुलाबी वा तांबडे गच्च गोंडे. ‘ड्रेस्डेन चायना’ ही नाजुक गुलाबी जात तर बीं धरीतच नाहीं. गड्डे फोडूनच तिची वाढ करावी लागते.

या फुलाची हिंदुस्थानांतील एक हकीकत आपण ऐकण्यासारखी आहे. १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठी कोश छापणारे विल्यम केरी हे मोठे वनस्पतिप्रेमी होते. १८२० सालीं कृषि व उद्यानविद्येची संस्थाही त्यांनीं स्थापन केली. श्रीरामपूर येथें त्यांना इंग्लंडहून एका स्नेह्यानें बियांची पिशवी पाठविली. एकही बीं वायां जाऊं नये म्हणून केरींनीं रिकामी पिशवी सावलींतील मातीवर झटकली. कांहीं दिवसांनीं पाहतात तों तेथें डेझीचें रोप! बालपणीचें तें फूल पुन्हां दिसेल, अशी त्यांना आशाच उरली नव्हती. जेम्स माँटगोमेरी या कवीनें या प्रसंगावर कविता केली.

‘पेरेनिस’ म्हणजे वर्षानुवर्षें टिकणारें. परंतु थंड, ओलसर हवेंत वाढलेल्या या झाडाला आपला उन्हाळा सोसत नाहीं. केरींनाही तें एका वर्षापुरतेंच लाभलें. दर हंगामाचें बीं जपून तें पुनःपुन्हां पेरावें लागलें. आपणही तोच मार्ग धरावा.

पावसाचा जोर ओसरला कीं सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरांत बीं पेरावें. तें फार बारीक असतें. म्हणून पालापाचोळ्याचें खत चाळून, तें दृष्टीआड होईल इतकाच थर वर द्यावा आणि बारीक छिद्रांच्या झारीनें पाणी घालावें. चार-पांच पानें फुटलीं कीं सहा-सहा इंचांवर रोपें लावावीं. सकाळचें ऊन हवें, दुपारची तिरीप नको. माती ओली असावी, पण पाणी सांचूं नये. पुणें-नाशिककडील थंडी या झाडाला मानवते. मुंबईच्या दमट हवेंत कुंडीच बरी, म्हणजे ती सावलींत हलवितां येते.

सुकलेलीं फुलें खुडीत गेल्यास नवीं येत राहतात. मात्र शेवटचीं दोन-चार झाडावरच वाळूं द्यावीं. दुहेरी फुलांच्या बियांतून कांहीं रोपें साधीं, एकेरी निघतील. तीं उपटून टाकूं नयेत. केरींच्या मातींत उगवलेली डेझी अशीच साधी होती.