पहिलं पात्र निवडताना

पुणतांब्यात, गोदाकाठी बसून ऑनलाइन खेळांवर बोलणार म्हटल्यावर इथल्या काहींना हसू आलं. एकाने विचारलंच, "सर, तत्त्वज्ञान सोडलंत का?" सोडलेलं नाही. आजचा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. ज्या गोष्टीचा अनुभव नाही, तिची निवड माणसाने कशी करावी?

निमित्त आमच्या नातवाचं. तो दहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' लावून दिला आणि म्हणाला, "आजोबा, आधी क्लास निवडा." आम्हाला वाटलं, शिकवणीचा क्लास! पण इथे क्लास म्हणजे पात्राचा पेशा. योद्धा, जादूगार, शिकारी, चोर, असे कितीतरी. एकदा घेतलेला पेशा त्या पात्राला बदलता येत नाही. दुसरा हवा असेल तर नवं पात्र घेऊन पहिल्या लेव्हलपासून सुरुवात.

ही कल्पना संगणकाच्या आधीची, बरं का. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ आला. त्यात पेशे तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. 2004 साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला तेव्हा ते नऊ झाले होते. नावं वाढली, तरी कामं मुख्यतः तीनच राहिली. एक 'टँक', म्हणजे शत्रूचा मार स्वतःच्या अंगावर घेणारा. दुसरा 'हीलर', सोबत्यांच्या जखमा भरणारा. तिसरा 'डॅमेज', मारा करणारा. पाच जणांच्या टोळीत एक टँक, एक हीलर आणि मारा करणारे तिघे.

नवखा माणूस इथे पहिली चूक करतो ती अशी, की तो चित्र बघून निवडतो. आम्हीही तेच केलं. दाढीवाला जादूगार दिसला, म्हटलं, हा आपल्यासारखा! जादूगार लांबून जबरदस्त मारा करतो, पण अंगावर चिलखत नाही. शत्रू जवळ आला की आम्ही खलास. दुसरी चूक, 'सगळ्यात ताकदवान कोण?' असं विचारणं. ते उत्तर दर अपडेटला बदलतं. खरा प्रश्न वेगळा आहे. तासभर खेळताना हात काय करत असणार, आणि ते काम आपल्याला रुचेल का? हीलरला सतत दुसऱ्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. टँकला वाट माहीत हवी, कारण बाकीचे त्याच्या मागून येतात. एकट्याने हिंडायचं असेल, तर पाळीव जनावर सोबत बाळगणारा शिकारी नवख्याला सोपा जातो. ते जनावर मार झेलतं, आपण लांबून बाण सोडायचे.

पण काम रुचेल की नाही, हे आधी कळणार कसं? अमेरिकन तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी 2014 सालच्या पुस्तकात हाच पेच मांडला आहे. त्यांचं एक उदाहरण मूल होण्याचं. आई-बाप होणं म्हणजे काय, ते झाल्यावरच कळतं. शिवाय झाल्यावर आपल्या आवडीनिवडीही बदलतात. मग आधी हिशोब मांडायचा कुणाच्या आवडीने? त्या म्हणतात, अशा वेळी सुख-दुःखाचा अंदाज बांधण्यापेक्षा, नवं काही जाणून घ्यायची आपली इच्छा आहे का, हे विचारावं.

खेळाने या पेचावर साधा तोडगा काढला आहे: पहिली निवड स्वस्त ठेवायची. या खेळात विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतं. तीन पेशे थोडे थोडे खेळून बघा, मग ठरवा. 'फायनल फँटसी फोर्टीन'मध्ये तर एकच पात्र सगळे पेशे शिकू शकतं.

आपल्या गावाला हे नवं नाही. इथे ज्यांची समाधी आहे, ते चांगदेव परंपरेनुसार चौदाशे वर्षं जगलेले योगी. वाघावर बसून ज्ञानदेवांना भेटायला निघाले, एवढ्या सिद्धी. आणि त्यांनी गुरू केलं कुणाला? वयाने चिमुकल्या मुक्ताबाईला. सगळी कमाई बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या लेव्हलवर बसायला जी हिंमत लागते, ती सिद्धीहून मोठी, असं आम्हाला वाटतं.

आता घरचं सांगतो. आमच्या मुलाला दहावीनंतर सायन्सला आम्हीच घातलं. गुण चांगले होते, एवढंच कारण. आज त्याचं उत्तम चाललंय. पण एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "बाबा, तुम्ही मला विचारलंच नव्हतं." आम्ही जन्मभर वर्गात स्वातंत्र्यावर बोललो, आणि घरी पात्र आम्ही निवडून मोकळे झालो.

म्हणून नातवाला आम्ही शाखा सुचवलेली नाही. एवढंच सांगितलं, की परीक्षा झाली की चार दिवस वकिलाच्या ऑफिसात बस, चार दिवस शेतावर जा, चार दिवस एखाद्या प्रयोगशाळेत काढ. ती माणसं दिवसभर हाताने काय करतात ते बघ. तो म्हणाला, "म्हणजे फ्री ट्रायल!" आम्ही म्हटलं, हो, तेच.

आमचा जादूगार सध्या बाजूला आहे. आम्ही हीलर घेतलाय, लेव्हल सात. नातू टँक होऊन पुढे असतो आणि आम्ही मागून त्याच्या जखमा भरतो. या वयाला हे काम शोभतं.