हृदयाच्या निलयांमधील जन्मजात छिद्र : स्वरूप, निदान व व्यवस्थापन (विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

प्रस्तावना :
हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांना निलय असे म्हणतात. गर्भावस्थेत त्यांमधील पडदा पूर्णपणे न जुळल्यास छिद्र राहते. यालाच 'व्हीएसडी' असे संबोधले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत व कोलाम पोडांवर अर्भकाचे वजन वाढत नसल्यास प्रथम कुपोषणाचा विचार होतो. तो योग्यच आहे. तथापि त्यामागे हृदयदोषही असू शकतो.

स्वरूप व लक्षणे :
डाव्या निलयातील दाब अधिक असल्याने शुद्ध रक्ताचा काही भाग छिद्रातून उजवीकडे जातो व फुप्फुसांवर अतिरिक्त भार पडतो. जन्मतः फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा रोध जास्त असल्याने हा प्रवाह अल्प असतो. त्यामुळे प्रसूतिगृहातील तपासणीत दोष लक्षात येईलच असे नाही. साधारणतः 4 ते 6 आठवड्यांत रोध घटतो आणि लक्षणे प्रकट होतात. धाप लागणे, दूध पिताना कपाळावर घाम येणे, वारंवार थांबणे, वजन न वाढणे व पुनःपुन्हा न्यूमोनिया होणे ही मोठ्या छिद्राची लक्षणे होत. लहान छिद्राचा आवाज स्टेथोस्कोपमधून मोठा ऐकू येतो. परंतु अशी अनेक छिद्रे आपोआप बुजतात.

विलंबाचे परिणाम :
मोठे छिद्र उपचाराविना राहिल्यास फुप्फुसातील रक्तवाहिन्या जाड होतात. प्रवाह घटतो, धाप कमी होते व बालक सुधारल्याचा आभास निर्माण होतो. पुढे प्रवाह उलट होऊन ओठ व नखे निळसर पडतात. आयझेनमेंगर यांनी 1897 मध्ये वर्णिलेल्या या अवस्थेत छिद्र बंद करणेही घातक ठरते.

निदान व उपचार :
टूडी इको तपासणीने निदान निश्चित होते. औषधे व अधिक उष्मांकाचा आहार यांनी बालकास सावरता येते. मोठे छिद्र सामान्यतः पहिल्या वर्षातच शस्त्रक्रियेने बंद करतात. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डॉ. लिलेहाय यांनी 1954 मध्ये अमेरिकेत केली.

जिल्ह्याच्या संदर्भात :
2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. परंतु दोन तपासण्यांमधील सहा महिने अर्भकासाठी मोलाचे असतात. म्हणून दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसीकरणावेळी मातेला दूध पिण्याविषयी व घामाविषयी विचारणे आवश्यक ठरते. संशयित बालकाची तपासणी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांकडून करून घेता येते. शस्त्रक्रियेसाठी सुमारे 150 किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार घेता येतो.

निष्कर्ष :
हा दोष बहुतांशी साध्य आहे. मात्र त्यास कालमर्यादा आहे. वजनकाट्याबरोबरच बालकाच्या श्वासाकडेही लक्ष दिल्यास ती मर्यादा पाळता येईल.