एसीपींची खात्री, दिवेआगरचा पुरावा

एप्रिल २०२५ मध्ये ‘सीआयडी’ मालिकेत एसीपी प्रद्युम्न यांचा बॉम्बस्फोटात मृत्यू झाल्याचं दाखवलं गेलं आणि प्रेक्षक संतापले. समाजमाध्यमांवर निषेधाचा इतका पूर आला की पुढे वाहिनीने शिवाजी साटम यांना त्याच भूमिकेत परत आणलं. एका काल्पनिक पोलिस अधिकाऱ्यावर लोकांनी इतका जीव का लावावा? अभिनय हे एक कारण झालंच. दुसरं अधिक खोलवरचं आहे. हा माणूस कधी चुकत नाही. त्याला गुन्हेगार ओळखता येतो आणि आपण न्यायाच्या बाजूला आहोत याबद्दल त्याच्या मनात कणभरही शंका नसते.

२१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर २०१८ पर्यंत अखंड चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर आली. निर्माते बी. पी. सिंग आणि साटम यांचं नातं त्याहून जुनं, दूरदर्शनच्या मराठी ‘एक शून्य शून्य’पासूनचं. एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झालेला १११ मिनिटांचा भाग ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवून ‘सीआयडी’ने गिनेस बुकातही नाव नोंदवलं. तंत्रातली ही हौस वाखाणण्यासारखी आहे. मालिकेची घडी मात्र वर्षानुवर्षं एकच राहिली. प्रेत सापडतं, डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत नमुने तपासतात, निरीक्षक दया दार तोडतो, संशयिताला कोंडाळ्यात घेतलं जातं, एक सणसणीत थप्पड बसते आणि आरोपी सगळं कबूल करतो. मग एसीपी साहेब त्याला सांगतात की आता तुला फाशीच होणार. वकील नाही, न्यायदंडाधिकारी नाही, उलटतपासणी नाही. शिक्षासुद्धा पोलिसच सुनावतात आणि भाग संपतो.

या पात्राच्या नीतिमत्तेचं टोक म्हणजे मुलाचा प्रसंग. गुन्हेगारीकडे वळलेल्या नकुल या स्वतःच्या मुलाला प्रद्युम्न गोळी घालतात. कर्तव्यापुढे रक्ताचं नातंही न मानणारा बाप म्हणून प्रेक्षकांच्या मनात ते आणखी उंच होतात. जो पोटच्या पोराला सोडत नाही तो चुकीच्या माणसाला कसा पकडेल, असा विश्वास तिथून तयार होतो. पण माणूस निःस्वार्थी आहे म्हणून त्याचा अंदाज बरोबरच असेल, असं होत नाही. प्रामाणिक माणूसही चुकतो, आणि स्वतःबद्दल शंका नसलेल्या प्रामाणिक माणसाची चूक लवकर उघडकीला येत नाही.

मराठी वाचकाला असा नायक नवा नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाने दोन-तीन पिढ्यांना झपाटलं होतं. कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुष्टांना धडा शिकवणारे हे वीर भाड्याच्या वाचनालयांतून घरोघरी पोचले. मात्र झुंजार सरकारी गणवेशात नव्हता आणि त्याची कथा कल्पनेतलीच आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असे. दूरचित्रवाणीने त्याच्या जागी सरकारी अधिकारी उभा केला. त्याच्या हाती राज्याची सत्ता दिली, खात्री मात्र झुंजाराचीच ठेवली.

प्रत्यक्षात खात्री आणि पुरावा यांच्यामध्ये किती मोठं अंतर असतं, हे रायगडच्या किनाऱ्यावरच्या दिवेआगरने अनुभवलं आहे.

श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावात, पोफळीच्या एका वाडीत १७ नोव्हेंबर १९९७ रोजी खणताना तांब्याची पेटी सापडली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता. वजन सव्वा किलोहून जास्त. गावाने तो मंदिरात ठेवला आणि राज्यभरातून भाविकांच्या गाड्या येऊ लागल्या. नारळी-पोफळीच्या आधाराने जगणाऱ्या घरांत खानावळी सुरू झाल्या, मुक्कामासाठी खोल्या निघाल्या. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी मंदिराच्या दोन पहारेकऱ्यांना ठार मारून तो मुखवटा पळवला. दोन घरांचे कर्ते पुरुष गेले आणि साऱ्या गावाचा आधार एका रात्रीत हरपला. त्या दिवसांत गावकऱ्यांच्या संतापाला सीमा नव्हती, आणि तो संताप रास्त होता.

दूरचित्रवाणीवरच्या नायकाने हे प्रकरण तासाभरात मिटवलं असतं. रायगड पोलिसांपुढचं काम वेगळं होतं. टोळी बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली होती. मुखवटा वितळवलेला होता. वितळलेल्या सोन्याला चेहरा उरत नाही. अशी लगड पुढ्यात आली तर ती नेमकी त्याच मुखवट्याची आहे हे न्यायालयात कसं दाखवायचं? सोनं कुणाकडून कुणाकडे गेलं, कुणी वितळवलं, ते कुठून आणि कुणाच्या समक्ष जप्त झालं, याची साखळी कुठेही न तुटता मांडावी लागते. जप्तीच्या पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचांना पुढे साक्षीला उभं राहून तेच सांगावं लागतं. यातलं काहीच थपडेने मिळत नाही.

थपडेने मिळालेल्या कबुलीची तर कायद्याला किंमतच नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तो कायम आहे. इंग्रजी राजवटीतल्या कायदेकर्त्यांनाही माहीत होतं की मार चुकवण्यासाठी माणूस न केलेला गुन्हा कबूल करतो. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. म्हणजे ‘सीआयडी’च्या बहुतेक भागांतली शेवटची पाच मिनिटं खऱ्या न्यायालयात निरुपयोगी ठरतील.

दिवेआगरच्या आरोपींवर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का लावण्यात आला. १९९९ चा हा कायदा कडक आहे. त्यात पोलिस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब काही अटींवर ग्राह्य धरला जातो. म्हणूनच त्याला कुलपंही जास्त आहेत. गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता लागते आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी अतिरिक्त महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तपास करणारा अधिकारीही किमान उपअधीक्षक असावा लागतो. कुणा एकाच्या खात्रीवर हा कायदा चालत नाही.

अलिबागच्या विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला. दहा आरोपी दोषी ठरले, त्यांतल्या पाच जणांना जन्मठेप झाली. दोघांची निर्दोष सुटका झाली. ही शेवटची ओळ सहज नजरेआड होते, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पोलिसांनी बारा जणांना न्यायालयापुढे उभं केलं आणि दोघांबाबत पुरावा पुरेसा नाही असं न्यायालयाने ठरवलं. मालिकेतल्या साहेबांनी आरोपींच्या बाबतीत स्वतःच निवाडा केला असता, तर हे दोघेही इतरांच्याच रांगेत उभे राहिले असते. गावाने पाच वर्षं वाट पाहिली. त्या वाट पाहण्यामुळे दोषींना शिक्षा झाली आणि ज्यांच्यावर दोष सिद्ध झाला नाही ते घरी गेले.

याच किनाऱ्यावर गणवेशाची दुसरी बाजूही पाहायला मिळाली आहे. दिवेआगरच्या एका अंगाला दिघी, दुसऱ्या अंगाला शेखाडी. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या बॉम्बस्फोट मालिकेसाठीचा तस्करीचा माल, त्यात आरडीएक्सही, याच पट्ट्यात उतरला. लाच घेऊन तो पुढे जाऊ देणारे पोलिस आणि कस्टमचे अधिकारी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने दोषी ठरवले. एकाच तालुक्याने लाचखोर पोलिसही पाहिले आणि दरोड्याचा छडा लावणारे पोलिसही पाहिले. गणवेश दोघांचा सारखाच. पंचनामे, मंजुरी, उलटतपासणी ही व्यवस्था एवढ्यासाठीच आहे की समोरचा अधिकारी यांपैकी कोणता, हे त्याच्या चेहऱ्यावरून किंवा आवाजातल्या जरबेवरून ओळखता येत नाही.

पडद्यावरची सवय पडद्यापुरती राहत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. विदर्भातून पुढे आलेल्या या मराठी न्यायमूर्तींच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की आरोपींवर जाणूनबुजून, त्यांना मारण्याच्या हेतूने गोळ्या झाडल्या गेल्या. चौघांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचंही आयोगाने नोंदवलं. फुलं उधळणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये ‘सिंघम’सारख्या चित्रपटांमधून जाणाऱ्या घातक संदेशाबद्दल जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती. न्यायालयं कुचकामी आहेत आणि एकटा पोलिसच न्याय देतो, असं प्रेक्षकाला वारंवार पटवून दिलं तर तो कायद्याची वाट सोडायला तयार होतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

मग पोलिसांच्या मालिका करायच्याच नाहीत का? जरूर कराव्यात. स्वतःच्या खरेपणावर अतोनात विश्वास असलेला नायक हा कथेसाठी उत्तम ऐवज आहे. लेखकाने मात्र त्याला त्या विश्वासाची किंमत मोजायला लावली पाहिजे. ब्रिटनमधल्या ‘ब्रॉडचर्च’ मालिकेची कथा दिवेआगरसारख्याच समुद्रकाठच्या एका छोट्या गावात घडते. एका मुलाचा खून होतो. खुनी तपास अधिकारी एली मिलरचाच नवरा निघतो. संतापाच्या भरात ती कोठडीत त्याला मारते. प्रेक्षकाला त्या क्षणी ते योग्यच वाटतं. २०१५ च्या दुसऱ्या पर्वात या मारहाणीमुळे त्याचा कबुलीजबाब न्यायालय बाजूला ठेवतं आणि खुनी निर्दोष सुटतो. अमेरिकेतल्या ‘द वायर’मध्ये जिमी मॅकनल्टी हा हुशार आणि हट्टी पोलिस तपासाला पैसे मिळावेत म्हणून चक्क एक खोटा मालिका-खुनी उभा करतो. त्यापायी त्याला पोलिस दल सोडावं लागतं. आपल्याकडेही ‘पाताल लोक’मधला हाथीराम चौधरी चाचपडतो, अपमान गिळतो, चुकीच्या वाटेने जाऊन मागे फिरतो. तो प्रेक्षकाला कमी प्रिय झालेला नाही.

मराठी वाहिन्यांच्या लेखकांसमोर यापेक्षा समृद्ध सामग्री पडलेली आहे. साक्षीला येताना घाबरलेला पंच, नोंदवही चाळणारा हवालदार, वितळलेल्या सोन्याचा माग काढणारं पथक, आरोपीचा बचाव करणारा तालुक्याचा वकील आणि आपल्या माणसाच्या खुनाचा निकाल ऐकायला तारखेमागून तारखेला अलिबागला जाणारं कुटुंब, या सगळ्यांत नाट्य काठोकाठ भरलेलं आहे. ते लिहायला अधिक अभ्यास लागेल. तो त्यांनी करावा.

प्रेक्षकांकडूनही एक अपेक्षा आहे. आपल्या भागात एखादा भीषण गुन्हा घडला आणि आरोपी आमच्या ताब्यात द्या किंवा जागेवरच संपवा अशा घोषणा सुरू झाल्या, तर त्यांत आवाज मिसळू नका. त्याऐवजी विचारा की आरोपपत्र मुदतीत दाखल झालं का, साक्षीदारांना संरक्षण मिळालं का, प्रयोगशाळेचा अहवाल आला का, विशेष सरकारी वकील नेमला का. या प्रश्नांची उत्तरं सरकारने द्यायला हवीत, आणि ती मागणं हा आपला हक्क आहे.