सरपंच बाई, पण ग्रामसभेत बायका कुठे? आरक्षणापलीकडचा हक्क समजून घेऊया

मुंबई-नाशिक महामार्गावरचं वडपे आज सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. माजिवडा ते वडपे रुंदीकरण, वडपे ते गोंदे सहापदरी रस्ता, जवळच आमणे इथे येऊन संपणारा समृद्धी महामार्ग, या सगळ्यामुळे गावाचं नाव रोज बातम्यांत असतं. आजूबाजूच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, कंटेनर वाढले, जमिनीचे भाव वाढले.

पण या पट्ट्यातल्या गावांचे निर्णय जिथे होतात, त्या ग्रामसभेत बायका किती असतात? आणि त्यात आपल्या मुस्लिम बहिणी किती? आम्ही गावागावांत पाहतो ते चित्र साधारण एकच असतं. फलकावर सरपंच म्हणून बाईचं नाव, खुर्चीवर बाई, आणि बोलणारा मात्र नवरा, दीर नाहीतर मुलगा. समोर बसलेल्यांत बायका असल्याच तर मागच्या रांगेत, सही करून लवकर घरी जाणाऱ्या.

आरक्षण म्हणजे काय, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण जागा राखीव नसली, निवडणूक लढवायची नसली, तरीही प्रत्येक महिला मतदाराला कायद्याने एक मोठा हक्क दिलेला आहे. तो फारसा कुणी सांगत नाही. आजचा लेख त्याबद्दल आहे.

इथवर कसे आलो?

महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ३० टक्के जागा १९९० मध्येच राखीव ठेवल्या. त्यानंतर ७३वी घटनादुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि देशभर पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा महिलांच्या झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेलं. आज देशातल्या पंचायतींत १४ लाखांहून जास्त महिला निवडून आलेल्या आहेत.

बायका राजकारणात आल्या त्या फक्त आरक्षणामुळे, असंही नाही. १९८९ मध्ये, आरक्षण नसताना, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरमध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं संपूर्ण महिलांचं पॅनेल ग्रामपंचायतीवर निवडून आलं होतं.

वरच्या सभागृहांत मात्र चित्र वेगळं आहे. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या. त्यात मुस्लिम महिला फक्त दोन, उत्तर प्रदेशातून इकरा हसन आणि पश्चिम बंगालमधून सजदा अहमद. लोकसभा-विधानसभेत ३३ टक्के महिला आरक्षणाचा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला, पण त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला जोडलेली ठेवली गेली. लोकसभेत ४५४ मतं बाजूने आणि फक्त दोन विरोधात पडली. ती दोन मतं असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांची. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी आत वेगळा वाटा नाही, ही त्यांची हरकत होती. त्यांचं बरोबर की चूक, यावर मतं वेगळी असू शकतात. पण दिल्लीचा दरवाजा उघडण्याची वाट बघत बसण्याआधी गावातला उघडा दरवाजा वापरायला काय हरकत आहे?

महिला ग्रामसभा म्हणजे काय?

गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. आणि महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा सांगतो, की नियमित ग्रामसभेच्या आधी फक्त महिलांची वेगळी सभा झालीच पाहिजे. तिलाच महिला ग्रामसभा म्हणतात.

यात फायदा काय? पुरुषांसमोर, सासऱ्या-दिरांसमोर उभं राहून बोलायला अनेकींना संकोच वाटतो. पडद्याचा विचार करणाऱ्या घरांत तर 'बाईने सभेत जायचं कशाला' हा प्रश्न आधी येतो. महिला ग्रामसभेत ही अडचण राहत नाही. तिथे बायकाच बायकांशी बोलतात आणि तिथे ठरलेल्या गोष्टी मुख्य ग्रामसभेपुढे ठेवल्या जातात.

अडचण अशी, की बऱ्याच ठिकाणी ही सभा कागदावरच होते. रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या-अंगठे घेतले जातात, सभा झाली असं लिहिलं जातं. म्हणून पहिली गोष्ट हीच, की न झालेल्या सभेवर सही करू नका.

गोदामांचा पैसा आणि दहा टक्के

वडप्यासारख्या पट्ट्यात हा हक्क इतर गावांपेक्षा जास्त मोलाचा आहे. कारण इथे गोदामं आहेत. इमारतींवरची घरपट्टी हे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न असतं. डोंगरातल्या एखाद्या छोट्या गावाला ते तुटपुंजं मिळतं. जिथे गोदामं आहेत, तिथे ते मोठं असू शकतं.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. समजा एखाद्या पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न ५० लाख असेल, तर पाच लाख रुपये फक्त बायका आणि मुलांसाठी. ते कशावर खर्च झाले? शिलाई मशीनवर? अंगणवाडीवर? मुलींच्या शाळेच्या शौचालयावर? की हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमातल्या भेटवस्तूंवर? हा प्रश्न विचारायला निवडून यावं लागत नाही. महिला ग्रामसभेत हात वर करून विचारता येतो. ग्रामसेवकाने, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांनी, हिशेब सांगायला हवा.

दिवसरात्र अवजड वाहनं जाणाऱ्या रस्त्यावरून मुली शाळेत कशा जातात, संध्याकाळी गोदामातून सुटणाऱ्या बायकांच्या रस्त्यावर दिवे आहेत का, पाणी किती वाजता येतं, हे बायकांना जितकं माहीत असतं तितकं कुणालाच नसतं. आराखड्यात मात्र बहुतेक वेळा गटार आणि कमान येते, कारण तो आराखडा पुरुषांनी बनवलेला असतो.

निवडणूक लढवायची असेल तर

तयारी निवडणूक जाहीर झाल्यावर नाही, आत्ताच सुरू करावी लागते. आपल्या समाजात उमेदवारी बहुतेक वेळा कागदांवर अडते.

• मतदार यादी: लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अनेकदा माहेरीच राहतं. पत्ता बदलायला नमुना ८, नवीन नावासाठी नमुना ६. यादीत नाव नसेल तर ग्रामसभेतही बसता येत नाही.

• वय आणि शिक्षण: वय २१ पूर्ण हवं. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास हवी.

• मुलांची संख्या: दोनपेक्षा जास्त मुलं असतील आणि तिसरं १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं असेल, तर अपात्रता येते.

• जात प्रमाणपत्र: मोमीन, जुलाहा, बागवान, पिंजारी असे अनेक मुस्लिम समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्राबरोबर पडताळणीही लागते आणि १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. बाईची जात वडिलांकडून धरतात, नवऱ्याकडून नाही. म्हणजे कागद माहेरचे हवेत, आजोबांचा शाळेचा दाखला, जुना जन्माचा उतारा वगैरे. माहेरचं नाव आणि सासरचं नाव यांचा मेळ घालणारा पुरावाही जवळ ठेवा.

ओबीसीचा कागद नसला तरी सर्वसाधारण महिला जागेवर कुठलीही महिला उभी राहू शकते, हे विसरू नका.

निवडून आल्यावर

जळगाव जिल्ह्यातल्याच विचखेडा गावच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना सरकारी जागेवरच्या घरात राहतात अशा तक्रारीवरून पदावरून काढलं गेलं होतं. आपण तिथे राहतच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पद परत दिलं आणि एक बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचत नव्हतं, असं निरीक्षण नोंदवलं. कोर्टापर्यंत टिकून राहिल्या म्हणून न्याय मिळाला. प्रत्येकीला तेवढा आधार मिळत नाही. तो आधार म्हणजे आपण, तिचं घर आणि तिचा मोहल्ला.

काही जण म्हणतील, आपल्याकडे बाईचा सल्ला घ्यायची पद्धत नाही. त्यांनी हुदैबियाचा प्रसंग आठवावा. तहानंतर सहाबा कुर्बानी करायला उठेनात, तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सुचवलं, की आपण स्वतः आधी करा. प्रेषितांनी (स.) तसं केलं आणि सगळे मागोमाग उठले. पेचाच्या घडीला मार्ग दाखवणारी एक बाईच होती.

म्हणून पुढची ग्रामसभा कधी आहे, ते विचारून ठेवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या रूढ तारखा. तिच्या आधी महिला सभा कधी आणि कुठे, हेही विचारा. चार-पाच जणी मिळून जा. पहिल्या वेळी एकच प्रश्न विचारा: आमचे दहा टक्के कुठे गेले? आणि भावांनो, त्या दिवशी घरचा स्वयंपाक आणि मुलं तेवढी तुम्ही सांभाळा. बाकीचं त्या बघून घेतील.