डबा फोडा, शेवया सोडा

अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, जवळच भिंगार छावणी. फौजी आणि डबाबंद मांस यांचं नातं जगभर जुनं आहे. कोरियन युद्धानंतर दक्षिण कोरियात अमेरिकी तळांवरचं डब्यातलं मांस किमचीच्या तिखट रश्श्यात पडलं आणि 'बुदे जिगे' जन्माला आलं. पुढे त्यात इन्स्टंट नूडल्सही आल्या.

डब्यातलं मांस शिजलेलंच असतं. सीलबंद डबा साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवतात, म्हणून ते फ्रिजशिवाय टिकतं. रश्श्यात उकळत ठेवलं की त्याचा नुसता लगदा होतो. तेव्हा तुकडे तव्यावर कडा लालसर होईपर्यंत परतून बाजूला काढावेत. त्याच तव्यातल्या चरबीत लसूण, आलं, कांद्याची पात परतून ती पातेल्यात उकळत्या पाण्यात घालावी. मग नूडल्स. मांस शेवटच्या मिनिटाला, वरून.

मीठ घालूच नका. डब्यात ते भरपूर असतं आणि पाकिटातल्या मसाल्यातही. मसाला निम्माच पुरे. उरलेली कसर चिमूटभर काळा मसाला भरून काढतो, आणि माझ्या मते पाकिटापेक्षा तोच बरा. घरच्या गव्हाच्या शेवयाही चालतात, पण आधी तेलावर भाजून घ्याव्यात. त्या पाणी लवकर पितात, म्हणून रस्सा पातळच ठेवावा.

फुगलेला डबा चाखूनही पाहू नये, त्यात बोट्युलिझमचं विष असू शकतं. उरलेलं मांस झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावं आणि तीन-चार दिवसांत संपवावं.