घाटमाथ्यावरचे पाच वॅट

बुलढाणा जिल्ह्यात तालुके दोनच प्रकारचे : घाटावरचे आणि घाटाखालचे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर. राजूर घाट उतरला की मोताळा, आणि पुढे पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, जेमतेम २५० मीटरवर. पीकपाणी आणि हवा या ४०० मीटरनी बदलते, तसा हौशी रेडिओवाल्याचा पल्लाही बदलतो.

त्याच्या हातातला सेट ५ वॅटचा, घरातल्या छोट्या एलईडी बल्बएवढा. लहर १४५ मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साडेचौदा कोटी कंपनं. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. सपाट रानात उभं राहून बोललं, तर पृथ्वीची गोलाई त्यांना साडेपाच किलोमीटरच्या आतच अडवते. हिशेब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ४.१२ने गुणा. ४००चं वर्गमूळ २०, म्हणून घाटाच्या कडेवरून पल्ला ८२ किलोमीटर. मधे डोंगर आडवा नसेल, तर घाटाखालचं नुसतं अर्धवर्तुळच १०,००० चौरस किलोमीटरच्या वर जातं. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,६६१! बॅटरीतून एक वॅटही जास्तीचा न घेता.

मला याहून जास्त थक्क करतो तो मलकापूरचा हिशेब. बुलढाण्यापासून सरळ रेषेत अंतर सुमारे ४० किलोमीटर. तिथल्या अँटेनाला त्या ५ वॅटपैकी किती मिळतं? ५ वॅटचे सुमारे ६० अब्ज भाग करा, त्यातला एक. बाकीचं सगळं रानावनात आणि आकाशात विखुरतं. तरीही मोकळ्या हवेचा हिशेब धरला, तर शब्द स्वच्छ ऐकू यायला लागतं त्याच्या लाखपट हे असतं. हँडसेटच्या आखूड अँटेनांनी त्यातलं बरंच खाल्लं, तरी हजारोपट उरतं. हाक नुसत्या हवेतून गेली असती, तर पोचायला दोन मिनिटं लागली असती. रेडिओला सेकंदाचा साडेसात हजारावा भाग पुरतो.

आता तोच सेट घेऊन लोणारला जा आणि सरोवराच्या काठी उतरा. उल्केच्या आघाताने झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आणि भोवती शे-सव्वाशे मीटरची भिंत. इथून २० किलोमीटरवरच्या मेहकरलाही हाक पोचणं कठीण. अशा वेळी सेटच बदलायचा. ७ मेगाहर्ट्झची लघुलहर आणि जमिनीलगत ताणलेली वीसेक मीटरची तार घेतली, की लहर थेट डोक्यावर चढते, साधारण ३०० किलोमीटरवरच्या आयनांबरावरून परतते आणि मेहकरला उतरते. २० किलोमीटरसाठी ६०० किलोमीटरचा फेरा, आणि तोही दोन सहस्रांश सेकंदात.

शिखरावरून बोलण्याचा रीतसर उपक्रम, ‘समिट्स ऑन द एअर’, ब्रिटनमध्ये मार्च २००२मध्ये सुरू झाला. शेवटची चढण इंजिनाविना, वीज बॅटरीची किंवा सौर, आणि गुण मिळायला किमान चार संपर्क. त्यांच्या नियमाने राजूर घाटाची कड शिखर ठरणार नाही, कारण भोवतालपासून सुटा उठलेला डोंगर लागतो. लहरींना मात्र समोरची खोली पुरते. खरं शिखर हवं तर १,६४६ मीटरचं कळसूबाई आहे. समुद्रसपाटीपर्यंत मोजला, तर तिथून पल्ला १६७ किलोमीटर. उंची घाटाच्या ४०० मीटरच्या चौपट, पल्ला दुप्पट.

वर्गमूळ असं हात आखडता घेतं, म्हणून हौशी मंडळी आणखी वर गेली. ५ मे २००५ रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी६मधून हौशी रेडिओचा उपग्रह ‘हॅमसॅट’ सोडला. वजन ४२.५ किलो, उंची सुमारे ६२० किलोमीटर, आणि प्रत्येक दिशेला जमिनीवर २,७०० किलोमीटर नजर. २०१४पर्यंत तो चालला. त्याच्यामार्फत बोलायला लोणारच्या तळातूनही चाललं असतं, फक्त तो भिंतीच्या वर, आठ-नऊ अंशांपलीकडे चढेपर्यंत थांबायचं.